एवढ्याशा प्लास्टिकला दीड लाख? अलायनरच्या किमतीचा इतिहास

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात वीस वर्षांपूर्वी दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा डॉक्टर, एवढीच ओळख होती. दुखला की काढा, विषय संपला. आता एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलं तर चार-पाच बोर्ड लागतात. बोर्डावर हसणारी मुलगी, तिच्या हातात काचेसारखा पारदर्शक ट्रे आणि खाली ओळ : तारेशिवाय दात सरळ, सुलभ हप्ते.

आत जाऊन चौकशी केली की आकडा कळतो. शहरागणिक, डॉक्टरागणिक तो बदलतो. पण साधारण हिशेब असा : धातूच्या ब्रेसेस, म्हणजे आपली नेहमीची तार, तीस ते साठ हजार. देशी कंपनीचे अलायनर साठ-सत्तर हजारांपासून दीड लाखापर्यंत. इन्व्हिझलाइनसारखा परदेशी ब्रँड घेतला तर दीड लाखाच्या पुढे कुठेही, तीन-साडेतीन लाखसुद्धा. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत यातला रुपयाही मिळत नाही.

बाहेर येणारा माणूस एकच प्रश्न विचारतो. एवढ्याशा प्लास्टिकला दीड लाख?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दवाखान्याच्या काउंटरवर मिळत नाही. ते इतिहासात आहे. आणि हा इतिहास अमेरिकेतल्या इंडियानापासून निघतो, लाहोरला जातो, कोर्टाच्या पायऱ्या चढतो आणि शेवटी आपल्या मीरा रोड-बोईसरला येऊन पोहोचतो. वाचायला दहा मिनिटं लागतील, पण घरात कुणाचे दात सरळ करायचे असतील तर वाचाच.

आधी वस्तू काय आहे ते थोडक्यात. अलायनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारी पारदर्शक प्लास्टिकची खोळ. ती आपल्या आजच्या दातांच्या मापाची नसते, किंचित पुढच्या जागेच्या मापाची असते. एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटर सरकतो. आठवडा-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे. असे वीस, तीस, कधी पन्नास ट्रे. दिवसाचे बावीस तास घालायचे, जेवताना आणि दात घासताना काढायचे. तार सतत ओढत राहते, अलायनर पायरीपायरीने ढकलतो, एवढाच फरक.

आता गंमत बघा. ही पायरीपायरीची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

१९४५च्या सुमारास इंडियाना राज्यात हॅरॉल्ड केसलिंग नावाचे ऑर्थोडॉन्टिस्ट होते. तारा काढल्यावर दातांत जी थोडी कसर राहते, ती भरून काढायला त्यांनी रबराचं एक उपकरण बनवलं, 'टूथ पोझिशनर'. पद्धत अशी की रुग्णाच्या दातांचा प्लास्टरचा साचा घ्यायचा. त्यातले दात करवतीने एकेक सुटे करायचे. मेणात हव्या त्या जागी पुन्हा बसवायचे. आणि त्या सुधारलेल्या दातांवर रबराचं उपकरण घडवायचं. रुग्णाने ते चावून धरलं की दात हळूहळू त्या जागेकडे सरकतात.

केसलिंग यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की, साचा थोडा थोडा बदलत असे पोझिशनर एकामागून एक बनवले तर दातांची मोठी हालचालही करता येईल. मात्र आज ते व्यवहार्य दिसत नाही, पुढे कधीतरी होईल. पुढे १९६४मध्ये न्यूयॉर्कचे हेन्री नाहूम यांनी गरम प्लास्टिकचा पत्रा व्हॅक्यूमने साच्यावर ओढून पातळ खोळ बनवली. म्हणजे आजच्या अलायनरचा हिशेबाने आजोबाच.

कल्पना होती, प्लास्टिक होतं, मग अडलं कशावर? मजुरीवर. वरचे-खालचे मिळून पन्नास ट्रे म्हणजे पन्नास वेळा प्लास्टर कापा, पन्नास वेळा मेणात दात बसवा, आणि तेही पाव मिलिमीटरच्या हिशेबाने. एका रुग्णामागे एवढं कारागिराचं काम कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार? अलायनरची किंमत पहिल्यापासून प्लास्टिकची नव्हतीच. ती प्रत्येक पायरीमागच्या माणसाच्या कामाची होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दरम्यान तार स्वस्त होत गेली. ती का झाली हेही बघायला हवं. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांनी १९००मध्ये सेंट लुईसला या विषयाची पहिली शाळा काढली. त्यांच्या काळात तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या असत, म्हणजे श्रीमंतांचं काम. शिवाय प्रत्येक दाताला धातूची पट्टी गुंडाळून बसवावी लागे, त्यात डॉक्टरचे तासन्‌तास जात. नंतर सोन्याच्या जागी स्टेनलेस स्टील आलं. पुढे पट्टीऐवजी छोटा ब्रॅकेट थेट दाताला चिकटवता येऊ लागला. आणि महत्त्वाचं म्हणजे, अँगल यांनी आपल्या उपकरणांवर भरपूर पेटंटं घेतली होती, ती सगळी कधीच संपली. आज ब्रॅकेट आणि तार जगात कुणीही बनवू शकतं. त्यावर कुणाची मालकी नाही. म्हणून तारेच्या बिलात आज मुख्य खर्च डॉक्टरच्या हाताचा असतो, धातूचा नाही.

आता १९९७. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एमबीए करणारे दोन विद्यार्थी, झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ. दोघंही दंतवैद्य नव्हेत. चिश्तींनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून जो पारदर्शक रिटेनर देतात, तो काही दिवस घालायचा राहिला की दात सरकायचे, पुन्हा घातला की जागेवर यायचे. यावरून त्यांच्या डोक्यात आलं की, जी वस्तू दात मागे आणते ती पुढेही नेऊ शकेल. केसलिंग यांना जे व्यवहार्य वाटलं नव्हतं त्यासाठी आता दोन गोष्टी हाताशी होत्या. एक, संगणकावर दातांचं त्रिमितीय चित्र. दुसरी, चक हल यांनी १९८६मध्ये पेटंट घेतलेलं स्टिरिओलिथोग्राफीचं यंत्र, म्हणजे द्रवरूप राळेवर किरण टाकून थरावर थर घट्ट करत वस्तू छापणारा थ्रीडी प्रिंटर.

इथे एक गैरसमज दूर करू. इन्व्हिझलाइनचा ट्रे थ्रीडी प्रिंटरमधून निघतो असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं प्रिंटरवर छापला गेला तो प्रत्येक पायरीचा साचा. त्यावर गरम प्लास्टिकचा पत्रा दाबून ट्रे बनवला आणि कडा कापल्या. म्हणजे नाहूम यांचीच पद्धत, फक्त साचा हाताने कापण्याऐवजी यंत्राने छापलेला.

त्यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. १९९८मध्ये अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली, १९९९मध्ये 'इन्व्हिझलाइन' बाजारात आलं आणि २००१च्या जानेवारीत कंपनी शेअर बाजारात उतरली.

मग मजुरीचं काय झालं? करवत गेली, पण काम गेलं नाही. संगणकावर दातांचा स्कॅन आला तरी प्रत्येक दात पडद्यावर हिरडीपासून सुटा करायचा, कोणता आधी सरकेल, कोणता नंतर, हे ठरवायचं, हे सगळं माणूसच करत होता. आणि ही माणसं बसली होती लाहोरला. चिश्तींचं लाहोरशी जुनं नातं होतं, तिथे शिकलेली तरुण मुलं अमेरिकेच्या मानाने फार कमी पगारात मिळत होती. अमेरिकन माणसाच्या तोंडातला दात लाहोरचा तंत्रज्ञ माऊसने सरकवत होता. ११ सप्टेंबर २००१चा हल्ला झाला, पाकिस्तानातून काम चालवणं कंपनीला अवघड वाटू लागलं आणि हा पसारा कोस्टा रिकाला हलला. ट्रे बनवण्याचा कारखाना मेक्सिकोत. आपल्याकडे आयटी आणि कॉल सेंटरची जी गोष्ट आपण जाणतो तीच इथेही, फक्त दातांची.

म्हणजे स्वस्त मजुरीने ही वस्तू शक्य झाली. पण मजुरी स्वस्त झाल्याचा फायदा रुग्णाला मिळाला का? फारसा नाही. कारण मधे भिंत उभी राहिली पेटंटची.

कंपनीने प्रत्येक पायरीवर, पद्धतीवर, सॉफ्टवेअरवर पेटंटं घेतली. शेकड्यांनी. या भिंतीला पहिला धक्का दिला तो खुद्द चिश्तींनीच. २००२मध्ये ते अलाइनमधून बाहेर पडले आणि २००५मध्ये त्यांनी ऑर्थोक्लिअर ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली. काम पुन्हा लाहोरहून. अलाइनने दावे लावले. २००६मध्ये तडजोड झाली. अलाइनने दोन कोटी डॉलर मोजले, ऑर्थोक्लिअरने दुकान बंद केलं. अर्धवट उपचारातले रुग्ण वाऱ्यावर पडले असते, पण अलाइनने अमेरिकेसह काही ठिकाणी त्यांचे उपचार जादा पैसे न घेता पूर्ण करून द्यायची योजना आणली. याला व्यवसायाचं शहाणपण म्हणा किंवा माणुसकी, रुग्णाचं काम झालं.

ऑर्थोक्लिअर बंद पडली तेव्हा ह्यूस्टनच्या एका दंतवैद्याचे बरेच रुग्ण मधेच अडकले होते. त्यांनी, विलिस पम्फ्री यांनी, २००६मध्ये स्वतःच क्लिअरकरेक्ट ही कंपनी काढली. आणि मग जो खटला झाला तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवण्यासारखा आहे. क्लिअरकरेक्ट दातांचे स्कॅन पाकिस्तानात पाठवायची, तिथे पायऱ्या ठरवून डिजिटल फाइल तयार व्हायची, ती इंटरनेटवरून ह्यूस्टनला यायची आणि साचे तिथे छापले जायचे. अलाइनचं म्हणणं, ही फाइल म्हणजे आमच्या पेटंटचा भंग करून आयात केलेला माल आहे. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ते मानलं. क्लिअरकरेक्ट अपिलात गेली आणि नोव्हेंबर २०१५मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. कोर्ट म्हणालं, आयातीचा हा कायदा हाताला लागणाऱ्या मालासाठी आहे, तारांतून वाहणाऱ्या आकड्यांसाठी नाही. दातांच्या भांडणातून 'माल म्हणजे काय' हा प्रश्न निघाला.

पण पेटंटला आयुष्य असतं. अर्ज केल्यापासून वीस वर्षं. १९९७चे अर्ज, म्हणून २०१७च्या ऑक्टोबरपासून अलाइनची सुरुवातीची महत्त्वाची पेटंटं संपायला लागली. भिंतीला खिंडार पडलं आणि मोठमोठ्या कंपन्या आत शिरल्या. स्वित्झर्लंडच्या स्ट्रॉमान कंपनीने त्याच वर्षी क्लिअरकरेक्ट विकत घेतली.

तरीही अलाइनची किंमत कोसळली नाही. कंपनीच्या जाहीर हिशेबातून काही गोष्टी दिसतात. अलीकडच्या वर्षांत एका केसमागे कंपनीला सरासरी सुमारे १२०० ते १३०० डॉलर मिळतात, म्हणजे ढोबळ मानाने लाखभर रुपये. हे कंपनी डॉक्टरकडून घेते ते पैसे. डॉक्टर रुग्णाकडून जे घेतो ते याच्या वर. आणि कंपनीच्या शंभर रुपयांच्या विक्रीत माल बनवण्याचा खर्च साधारण तीस रुपये. चाळीसहून जास्त रुपये जातात विक्री, जाहिरात आणि प्रशासनावर. अलाइनने २००० सालीच अमेरिकेत टीव्हीवर जाहिरातींचा धडाका लावला होता. दातांच्या उपचारासाठी एवढी मोठी जाहिरात नवीनच होती. रुग्ण दवाखान्यात येऊन ब्रँडचं नाव घेऊन मागू लागला. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे म्हणतात. इथे दाखवायच्या दातांचाच खर्च जास्त.

मग कुणाला तरी वाटणारच की, मधला डॉक्टरच काढून टाकला तर?

२०१४मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला स्माइलडायरेक्टक्लब सुरू झाली. घरी किट येणार, आपणच आपल्या दातांचं माप घ्यायचं किंवा त्यांच्या दुकानात स्कॅन करायचा, कुठला तरी डॉक्टर दुरून मंजुरी देणार, ट्रे कुरिअरने येणार. दर सुमारे १९०० डॉलर. दवाखान्यातल्या इन्व्हिझलाइनच्या निम्म्याहूनही कमी. २०१६मध्ये खुद्द अलाइननेच यात १७ टक्के हिस्सा घेतला आणि काही काळ त्यांना मालही पुरवला, नंतर दोघांचं फाटलं. सप्टेंबर २०१९मध्ये कंपनीने शेअर बाजारात २३ डॉलर दराने शेअर विकले. पहिल्याच दिवशी भाव चतुर्थांशाहून जास्त पडला.

ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिल्यापासून ओरडत होती. त्यात धंद्याचा स्वार्थ होता हे खरं. पण मुद्दाही होता. हिरडीत आजार आहे का, हाड किती शिल्लक आहे, मूळ कुठे वळलंय, हे एक्स-रे काढल्याशिवाय आणि तोंडात पाहिल्याशिवाय कळत नाही. दात सरकतो तो हाडातून. वरून सरळ दिसला म्हणजे खाली ठीक आहे असं नव्हे.

सप्टेंबर २०२३मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, डोक्यावर सुमारे ९० कोटी डॉलरचं कर्ज. डिसेंबरमध्ये टाळं लागलं. अर्ध्या उपचारातल्या लोकांना कळवलं गेलं की पुढचे ट्रे येणार नाहीत, आयुष्यभराची हमी आता अस्तित्वात नाही, आपापल्या डॉक्टरला भेटा. आणि ज्यांनी हप्त्यावर घेतलं होतं त्यांनी हप्ते मात्र भरत राहायचे.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ट्रे बंद, हप्ता चालू. २००६मध्ये ऑर्थोक्लिअर बुडाली तेव्हा निदान तिच्या रुग्णांना सांभाळून घेणारं कुणीतरी होतं.

आता आपल्याकडे या. २०१७नंतर भिंत पडल्याचा खरा फायदा भारतासारख्या देशाला झाला. मुंबईत २०१८मध्ये टूथसी सुरू झाली, घरी येऊन स्कॅन करण्याची सोय घेऊन. लक्ष्मी डेंटल ही मुंबईचीच जुनी कंपनी, मीरा रोड आणि बोईसर भागात कारखाने. कवळ्या, कॅपपासून अलायनरपर्यंत सगळं बनवते आणि जानेवारी २०२५मध्ये शेअर बाजारात आली. केसलिंग यांना जे अशक्यप्राय वाटलं ते आज पालघर जिल्ह्यातला कामगार पाळीत बनवतोय. अलायनर लाखाच्या आत आला तो यामुळेच.

पण मग आपल्याकडचा आकडा तारेच्या दुप्पट का राहतो? कारण बिलात चार गोष्टी एकत्र आहेत : कारखाना, ब्रँड आणि जाहिरात, हप्त्याचं व्याज किंवा फी, आणि डॉक्टरची देखरेख. गिऱ्हाइकाला एकच आकडा सांगितला जातो. ट्रे पारदर्शक, बिल नाही.

इतिहास काय सांगतो? पहिल्या दोन गोष्टी स्वस्त होऊ शकतात, होत आहेत, तिथे घासाघीस करा. चौथी गोष्ट स्वस्तात घ्यायला गेलं की महागात पडते. एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्ट पाच वर्षं बीडीएस आणि वर तीन वर्षं हाच विषय शिकलेला असतो. आपण पैसे त्याच्या त्या नजरेचे देतो.

म्हणून दवाखान्यात किंवा फोनवरच्या सेल्समनला हे प्रश्न स्पष्ट विचारा.

माझ्या दातांची योजना कोण ठरवणार, त्याची पदवी काय, आणि तो मला समोर बसवून कितीदा तपासणार?

एक्स-रे काढला का?

सांगितलेल्या रकमेत शेवटचे सुधारणेचे जादा ट्रे आणि नंतरचे रिटेनर धरलेत का? कारण रिटेनर घातला नाही तर दात परत फिरतात. चिश्तींची अख्खी कंपनी त्याच अनुभवातून निघाली.

माझ्या केसला तार जास्त बरी का? फार वळलेले दात, दात काढून जागा करण्याच्या केसेस, यांत कित्येकदा तारच खात्रीची असते. आणि दिवसाचे बावीस तास ट्रे घालणं सोळा वर्षांच्या पोराला जमणार का, हे आईबापांनी स्वतःला विचारायचं.

हप्ता नक्की कुणाला जाणार? 'बिनव्याजी हप्ता' म्हणजे बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. दवाखाना किंवा ब्रँड बंद पडला तरी ते आपोआप माफ होत नाही. सही करण्याआधी कागद वाचा.

आणि ज्यांना हा खर्च झेपतच नाही त्यांनी निराश होऊ नका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारा लावतात, खासगीपेक्षा कितीतरी कमी पैशात. रांग असते, खेपा होतात, एसटीचं भाडं पडतं. पण देखरेख खरी असते. आमच्याकडच्या कुठल्या बोर्डावर हे लिहिलेलं नाही, कारण सरकारी कॉलेज जाहिरात करत नाही.

दात वाकडे असणं हा गुन्हा नाही. पण 'पोरीचे दात पुढे आहेत' म्हणून स्थळ परत गेलेलं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय, आणि जाहिरात नेमकी त्या जखमेवर बोट ठेवते. सरळ दात हवेसे वाटणं यात चूक काही नाही. फक्त बाप लग्नाच्या आधीच मुलीच्या हसण्यासाठी कर्ज काढत असेल, तर त्यातले किती पैसे दाताला जातात आणि किती बोर्डावरच्या त्या हसणाऱ्या मुलीला, एवढं त्याला माहीत असावं.

तुमच्या गावात काय दर सांगतात, आणि त्यात काय काय धरलेलं असतं, कमेंटमध्ये लिहा. दवाखान्याचं नाव नको, आकडा आणि अनुभव पुरे.